भिंत बसेल म्हणून

आंबवडे, ता. भोर
हनुमान जयंती झाल्यानंतरचा मंगळवार

प्रिय धना,

अक्षय तृतीयेला आईला न्यायला गाडी किती वाजता पाठवू, म्हणून तू फोनवर फोन करतोयस आणि मी प्रत्येक वेळी 'बघू' म्हणतेय. काल तू चिडलास. म्हणालास, "आक्का, बघू काय बघू? पत्रिका वाटून झाल्यात. आईच्या हातानं चूल पेटायची आहे." तर गाडी पाठवायची का नाही, त्याचंच हे उत्तर आहे. पत्रातून देते, कारण फोनवर तू 'बोल आक्का, ऐकतोय' म्हणतोस आणि त्याच दमात प्लंबरला 'अरे नळ तिकडं नको' म्हणून ओरडतोस. व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या वर लिहिलं की तुझा नुसता अंगठा येतो. गोरखचा टेम्पो शुक्रवारी भाजी घेऊन पुण्याला जातोय, त्याच्याकडं पाकीट देते. हातातच दे, असं बजावलंय त्याला. शेफालीला वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. ती बिचारी आपल्या घरात आली तेव्हा धुराडं आधीच बुजवून झालं होतं.

रागावून लिहितेय असं तुला वाटेल. बरोबर वाटेल. पण सगळं वाच, मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. ती तुझी शाळेपासूनची सवय आहे.

मार्गासनीच्या घराचं तू हे जे काही चालवलंयस, मुक्काम, चुलीवरचं जेवण, अंगणात बाजा, त्याबद्दल मला वाईट काही म्हणायचं नाही. गड बघायला माणसं येतातच, कुणीतरी त्यांना जेवायला घालणारच, मग तू का नको? तुझे दाजी तर म्हणाले, पोरानं डोकं लावलंय. पण 'आईची चूल' अशी पाटी रंगवून घेतल्याचा फोटो तू पाठवलास तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. डाव हातात तसाच राहिला. आई तेव्हा माझ्या घरी खाटेवर बसून पंपानं औषध ओढत होती, आणि तिची चूल तिकडं पाटीवर चढली होती. मग तुझा फोन आला. चुलीच्या विटा निखळल्यात, धुराडं बुजलंय, मला सुट्टी नाही, गवंड्याला बायकांचं काम कळत नाही, तू चार दिवस जाऊन बस. आणि वर म्हणालास, "धुराडं आधी मोकळं करून घे आक्का. पुण्याच्या लोकांना धूर सोसत नाही. कुणाबरोबर लहान मुलं असतात, कुणाला दमा असतो." मला वाटलं, आता तरी तुझ्या तोंडून पुढचं काहीतरी येईल. तू फरशीचा रंग विचारलास.

आईला मात्र तुझा निरोप सांगितला आणि काय सांगू तुला! तू तिला माझ्याकडं पोहोचवून गेलास त्याला आता कितीतरी दिवाळ्या झाल्या. 'हवापालट होईल, महिनाभर राहू दे' म्हणाला होतास. तेव्हापासून बाई लेकीच्या घरात पाहुणी आहे. दाजी घरात आले की एवढ्या धापेत उठून उभी राहते. भाकरी दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरते. शेजारणीला सांगते, "औषिदासाठी हाय हितं, बरं वाटलं का जाणार." लेकीकडं राहायची लाज तिच्या हाडात मुरलीय, दाजींनी कितीही 'मामी, तुमचंच घर' म्हटलं तरी ती लाज जात नाही. आणि तू म्हणालास, आईच्या हातानं चूल पेटवायची. तिनं ते औषधाच्या दुकानात सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनासुद्धा सांगितलं. "माज्या धनानं बोलीवलंय. मी आता माज्या घरला जाणार." उद्घाटनापुरतं बोलावलंय का कायमचं, हे मी तुला विचारावं असं दाजी म्हणाले. मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि तिला ते कळायची मला घाई नव्हती.

तुला ती चूल नीट आठवते का रे? घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आपल्या घरी विटांची होती, आणि त्याचा आईला केवढा तोरा. अण्णांनी शिवऱ्याच्या भट्टीवरून बैलगाडीनं विटा आणल्या होत्या. मोठी चूल, तिच्या बाजूला आमटीचं भगुणं ठेवायला वैल, आणि मागच्या भिंतीतून थेट कौलाच्या वर गेलेलं विटांचं धुराडं. आसपास तसं धुराडं कुणाकडं नव्हतं. वर्षातून एकदा, भात झोडून झालं की, आई वारुळाची माती आणि भाताचं तूस कालवून सगळं वीटकाम लिंपायची, आणि त्या दिवशी आपल्याला अंगणात तीन दगडांवर केलेला भात मिळायचा. तू तेव्हा एवढासा होतास, ओल्या मातीवर हाताचा पंजा उमटवायचास आणि ती तो पुसायची नाही. हे तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी उमटवला की धपाटा मिळायचा.

मग तुझं लग्न ठरलं. पुण्याची माणसं घर बघायला येणार, म्हणून तू कौलं काढून पत्रा टाकलास, पुढं स्लॅबची खोली काढलीस. पत्र्याच्या आड धुराडं येत होतं. तू ते वरून तोडलंस, तोंड विटा-सिमेंटनं बुजवलंस, वर गिलावा मारून गुलाबी रंग दिलास. मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून तो सगळा धूर स्वयंपाकघरात फिरायला लागला. आईनं तुला सांगितलं, "धना, तेवढं धुराडं मोकळं करून दे." तू म्हणालास, "आये, आता त्याला हात लावला तर भिंत बसंल. सगळं आढं त्या भिंतीवर आहे. घर खाली येईल."

एवढंच म्हणालास. तुला वाटलं असेल, एक वाक्य बोललो आणि विषय मिटला. तुझा मिटला. तिनं ते वाक्य देवाच्या अंगाऱ्यासारखं जपलं. कुणीही घरात आलं, डोळे चोळायला लागलं, की ही सांगायची, "काय करावं, धुराडं उघडलं तर भिंत बसती. धनानं समदं बघितलंय." एकदा भाऊबीजेला आलो तेव्हा दाजी शिडी लावून वर चढले, हातोडी घेऊन. आईनं खालून असा काही आरडाओरडा केला की ते मुकाट्यानं उतरले. "जावईबापू, माज्या लेकाचं घर पाडताय व्हय?" असं म्हणाली त्यांना. त्यांनी त्यानंतर त्या भिंतीचं नाव काढलं नाही. मी बोलायला गेले तर मलाही ऐकून घ्यावं लागलं. तुला भावाचं चांगलं बघवत नाही, दिल्या घरी सुखी राहा, इथं नाक खुपसू नको. आपला तो बाब्या, हे मी तिच्याकडूनच शिकले.

गॅस होता की, असं तू म्हणशील. होता. त्यावर ती चहा करायची. पण शनिवारी तू यायचास आणि दारातूनच म्हणायचास, "आये, गॅसवरची भाकरी नको हं, चुलीवरची कर. तिची चव वेगळी." झालं! शुक्रवारपासून लाकडं फोडायची. तू येऊन दोन खाणार, आणि शेफालीच्या ऑफिसातल्यांना, सोसायटीतल्यांना म्हणून चवड बांधून नेणार. त्या चवडीतली प्रत्येक भाकरी आईनं बंद खोलीत, डोळ्यांना पदर लावून थापलीय. तू पुढच्या स्लॅबच्या खोलीत पंख्याखाली बसलेला असायचास. ती खोकायची तेव्हा तू आतून टीव्हीचा आवाज मोठा करायचास, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुद्दाम नसशील करत. पण करायचास.

भोरच्या डॉक्टरांकडं मी तिला पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, विडी किती वर्षं ओढता?" आईला इतकी लाज वाटली! नऊवारी नेसलेली माळकरी बाई. घरी आल्यावर म्हणाली, "आक्का, डाक्टरानं धनाला इचारलं तर काय सांगायचं? त्याला वाटंल आई चोरून विड्या वढती." तुला काय वाटेल याचीच तिला काळजी. फुप्फुसाचं काय झालंय ते तिनं विचारलंही नाही.

बरं, आता दुरुस्तीचं ऐक. मी एकटीच जाणार होते. आई हटूनच बसली, "माजी चूल माज्यामागं कोन बांधतो?" धुळीत नको म्हटलं, ऐकेना. भोरला येऊन पुण्याच्या गाडीत बसलो, चेलाडी फाट्यावर उतरून वेल्ह्याची गाडी धरली. मार्गासनीला उतरल्यावर आई मधे मधे टेकत, पण हसत चालत होती. घराला तू छान रंग दिलायस, ते तिनं भिंतीवरून हात फिरवून बघितलं. मी तिला बाहेर फणसाखाली खुर्चीत बसवलं, तोंडाला ओला पदर बांधला आणि बजावलं, काम होईपर्यंत आत यायचं नाही.

कुंडलिक गवंडी न्याहारी करून आला. तुझ्याच वर्गातला, तुला 'धन्या' म्हणतो अजून. त्यानं छिन्नीनं गुलाबी गिलावा काढला आणि बुजवलेल्या तोंडाची पहिली वीट हलवली. तेवढ्यात बाहेरून आई ओरडली, "कुंडलिका, दमानं! भिंत बसंल!" खुर्ची सोडून दारात येऊन उभी, चौकटीला दोन्ही हातांनी धरून, जणू तिनं धरली तरच घर राहणार होतं. कुंडलिक हसला नाही, पण त्याला काही कळेना. म्हणाला, "काकी, कोनती भिंत? ही? ही नुस्ती आडोशाची हाय. आढं त्या लाकडी खांबांवर हाय की. ही उद्या समदी काढली तरी वरचा पत्रा हलायचा न्हाई." आणि त्यानं दुसरी वीट काढली, तिसरी काढली, मग एकदम हात घालून सगळा बोळा खाली ओढला. काजळी आणि पाखरांच्या घरट्याचा भुसा धाडकन चुलीत आला. वरून उजेड पडला. भिंत आहे तिथं उभी.

बाकी काम ते काय होतं? तडकलेल्या विटा काढल्या, त्याच मापाच्या जुन्या भाजलेल्या विटा गावातच मिळाल्या. चुलीच्या आत सिमेंट नको, जाळानं उडतं, म्हणून मातीतच बसवल्या. पत्रा कापून धुराडं हातभर वर काढलं, भोवती पट्टी ठोकली, वर टोपी बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिक हात धुऊन चहाला बसला. चुलीचं तोंड आणि वैल मी लिंपलं, आई दारातून सांगत होती तसं. शेवटी राहवेना तिला, येऊन बसली आणि चुलीचा ओठ स्वतःच्या हातानं गोल केला. मी अडवलं नाही. एवढी वर्षं तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

चहा पिताना तिनं कुंडलिकला विचारलं, "कवा लागला व्हतास रं कामाला?" तो म्हणाला, "अवं तुमच्यासमूरच की काकी. काल न्याहारी करून लागलो, आज दुपारला हात धुतलं. मदी जेवान झालं, तंबाखू झाली. दीड दिवसाचं काम." आईनं परत विचारलं, "आन् धुराडं नुस्तं मोकळं करायला?" तो म्हणाला, "त्याला काय? घटकाभर."

तिच्या हातात कपबशी होती. ती तिनं खाली ठेवली. कुंडलिक गेला, संध्याकाळ झाली, मी भाजी निवडायला बसले, तरी ती धुराड्याकडं बघत तिथंच. मग मला म्हणाली, "आक्का, मग धना का म्हणला भिंत बसंल?"

धना, या प्रश्नाची वाट मी किती वर्षं पाहिली असेल! तुला माहीत आहे माझी जीभ कशी आहे ते. तुला सोलून काढायला मला शब्द शोधावे लागले नसते. 'त्याला पत्र्याला भोक पाडायचं नव्हतं, रंग खराब करायचा नव्हता, तुझ्यासाठी घटकाभर वेळ काढायचा नव्हता,' एवढं तिला म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले, "त्याला तसं वाटलं असेल गं. त्याला कुठं बांधकामातलं कळतंय?" मी तुझी बाजू घेतली, रे. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही खोटी. आई म्हणाली, "व्हय. त्याला वाटलं आसंल." पण ते ती पूर्वीसारखं म्हणाली नाही.

माती वाळेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. मग जाळ लावून बघायचा दिवस आला. तूच सांगितलं होतंस, उद्घाटनाआधी एकदा पेटवून बघा, मला व्हिडिओ कॉल करा. आईनं चुलीला हळदकुंकू वाहिलं, दोन काटक्या सारल्या, वर दुधाचं पातेलं ठेवलं. मी पंप हातात घेऊन शेजारी बसले होते. जाळ धरला आणि धूर सरळ वर गेला. खरंच सांगते, एक वेटोळंसुद्धा मागं फिरलं नाही. दूध उतू गेलं. खोलीत नुसता दुधाचा खरपूस वास आणि ऊब. मी म्हणाले, "आई, बघ गं, डोळ्यात काही जात नाही." तिनं माझ्याकडं तोंड केलं, तर दोन्ही डोळ्यांना धारा. लहानपणापासून तिला चुलीपुढं रडताना आपण पाहिलंय आणि धुरानं होतंय म्हणून खेळायला पळालोय. त्या दिवशी घरात धूर नव्हता. तरी ती तशीच रडत होती, आवाज न करता, हातानं काटकी पुढं सारत. मी तिची पाठ चोळत बसले.

तेवढ्यात तुझाच कॉल आला. मी डोळे पुसून फोन चुलीकडं धरला. तुझ्यामागं कुणी दोघंतिघं होते, फोटोवाले की कोण. तू म्हणालास, "आये, भारी! पण धूर कुठाय? नुसता जाळ दिसतोय, गॅससारखं वाटतंय. जरा एखादं ओलं लाकूड सार ना आत. फोटोत धूर पाहिजे, त्याशिवाय लोकांना चूल वाटत नाही." आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिनं विचारलं, "काय पायजे म्हनतोस?" तू मोठ्यांदा म्हणालास, "धूर, आये, धूर! थोडाच. फोटोपुरता." ती म्हणाली, "धूर पायजे व्हय तुला." आणि मग तुला धूर मिळाला. सगळा पडदा पांढरा झाला, आणि तू ओरडलास, "हां! असाच! आक्का, हलू नको, असाच धर!" तुझा फोटो काढून झाला आणि माझ्या हातून फोन पडला. नंतर तुझा मेसेज आला, 'रेंज गेली वाटतं.' रात्री तो फोटो तू घरच्या ग्रुपवर टाकलास, खाली लिहिलंस, 'आईच्या हातचा पहिला जाळ.' सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. शेफालीच्या आईनं तर डोळे भरून आले म्हणून लिहिलं.

धना, रेंज गेली नव्हती. तो धूर कसला होता ते तुला कुणीच सांगणार नाही, म्हणून हे पत्र. आईनं ओलं लाकूड सारलं नाही. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, शेजारची भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि पेटत्या चुलीत पालथी केली. आपल्यात चुलीवर पाणी कुणी ओतत नाही, घरातलं माणूस गेल्याशिवाय. पोरपणी नुसता तांब्या कलंडला तरी तिनं आपल्याला फोडून काढलंय. पाणी पडलं तशा तापलेल्या विटा टणाटण फुटल्या, चुलीचा ओठ, जो तिनंच गोल केला होता, तो गळून राखेत पडला. तू म्हणत होतास, असाच धर. मी तिला ओढत फणसाखाली नेलं तेव्हा तिचे ओठ काळेनिळे झाले होते, पंप चार वेळा द्यावा लागला. श्वास आल्यावर तिनं तुला शिवी दिली नाही, शापही दिला नाही, तुझं नावसुद्धा घेतलं नाही. आंबवड्याला परत आलो तर दाजी अंगणात होते. या वेळी ती त्यांच्यापुढं उभी राहिली नाही, तिथंच पायरीवर बसली आणि म्हणाली, "जावईबापू, मला आता हितंच ऱ्हाऊ द्या. माजं हितंच करा समदं." दाजी मागच्या दाराला जाऊन रडले. मी जाऊन कुंडलिकशी बोलून ठेवलंय. पुढच्या विटा सगळ्या तडकल्यात, धुराड्याचा खालचा थर सुटलाय, पण तो म्हणतो, दीड दिवसात परत उभं करतो, अक्षय तृतीयेच्या आत होईल. तर तू ते करून घे, पाटी लाव, ज्याच्या हातानं पेटवायची त्याच्या हातानं पेटव. आईसाठी गाडी पाठवू नकोस.

तुझीच,
आक्का